गुप्त बोली, खुणांची भाषा आणि रुमालाखालचे भाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात या विषयावर बोलायला उभं राहिलं की व्याख्यान संपल्यावर तेच प्रश्न येतात, मग फोनवर येतात, मग मेसेजवर. विचारणारे वेगवेगळे असतात : पेठेतले जुने दुकानदार, शेतमाल घेऊन मार्केट यार्डात येणारे, भाषा शिकणारी मुलं आणि ज्यांच्या घरात अशी बोली अजून जिवंत आहे अशी माणसं. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गुप्त भाषा म्हणजे नेमकं काय? ती वेगळी भाषा असते की मराठीच?

बहुतेक वेळा मराठीच. वाक्याची घडण, विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदांची रूपं सगळी ओळखीची असतात. बदललेले असतात ते मोजके शब्द : पैसा, आकडे, गिऱ्हाईक, पोलीस, जेवण, पाणी, "चल", "गप्प बस", "हा माणूस आपला नाही". एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सूर मराठी वाटतो, पण अर्थ हाती लागत नाही.

शब्द बदलण्याचे मार्ग तसे थोडेच. अक्षरांची जागा बदलायची किंवा पुढे-मागे एखादं अक्षर जोडायचं. दुसऱ्या भाषेतला शब्द उचलायचा. नेहमीच्या शब्दाला भलताच अर्थ द्यायचा. किंवा तोंडच उघडायचं नाही आणि हातांनी, डोळ्यांनी बोलायचं. शेवटच्या प्रकाराची दोन उदाहरणं प्र. ४ आणि प्र. ९ मध्ये सविस्तर आहेत.

२. डॉक्टर, वकील, शेअर बाजारवाले बोलतात तेही आपल्याला कळत नाही. ती पण गुप्त भाषाच ना?

नाही, ती परिभाषा. फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे : अर्थ विचारला तर सांगतात का? वकील "स्थगिती" म्हणजे काय ते समजावून सांगेल. परिभाषा काम नेमकं व्हावं म्हणून असते, ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणं हा तिचा हेतू नसतो.

नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या फड ठरवायला येतात, तिथे "सुपारी" (कार्यक्रमाचा ठराव), "बारी" (खेळाची पाळी), "दौलतजादा" (प्रेक्षकांनी कलावंताला दिलेले पैसे) असे शब्द कानावर पडतात. हे सगळे उघड शब्द. पुढे "सुपारी" हाच शब्द गुन्हेगारीच्या बातम्यांत वेगळ्या अर्थाने आला, पण फडमालकाच्या तोंडी तो आजही कार्यक्रमाच्या ठरावाचाच आहे. अशा सरमिसळीमुळे तमाशा कलावंतांच्या बोलण्यावर उगाच संशय घेणारे लोक भेटतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

३. लहानपणी आम्ही "च"ची भाषा बोलायचो. ती यात मोडते का?

मोडते. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी "च" बसवायचा. "मला भूक लागली" याचं "चलाम चकभू चगलीला" होतं. सराव झालेल्या मुली इतक्या वेगाने बोलतात की घरातल्या मोठ्यांना पत्ता लागत नाही. नियम एकच आणि तो कळला की कुलूप उघडतं, म्हणून धंद्यात किंवा जिवावरच्या प्रसंगी नुसती ही युक्ती टिकत नाही. तरी फिरत्या समाजांच्या काही बोलींत अक्षरबदलाचं हेच तत्त्व सापडतं. ग्रियर्सन या ब्रिटिश अभ्यासकाच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ साली निघाला, त्यात गारोडी, कोल्हाटी अशा बोलींच्या नोंदी आहेत आणि शब्दाच्या सुरुवातीची अक्षरं बदलण्याच्या तऱ्हाही दिल्या आहेत.

४. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात धरून भाव ठरवतात. त्या बोटांचा अर्थ काय?

याला हत्ता म्हणतात. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, वर रुमाल, उपरणं किंवा सदऱ्याचा सोगा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. काही ठिकाणी बोटाचं अर्धं पेर दाबलं की निम्मा. सहापासून पुढच्या खुणा बाजारागणिक बदलतात, त्यामुळे एका बाजारात शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं चालेल असं धरू नका. शेकडा की हजार हे मात्र बोटांवर नसतं. ते मालावरून कळतं किंवा तोंडाने सांगितलं जातं : "हे हजार, आणि हे वरचे." म्हणताना पहिल्या वेळी तीन बोटं दाबली जातात, दुसऱ्या वेळी पाच, म्हणजे साडेतीन हजार. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे यातलं खरं कसब. नको असेल तर हात झटकायचा, पटलं तर हातावर टाळी.

एवढं शिकवल्यावर यातली खोट सांगणं माझं कर्तव्य आहे. दोन व्यापाऱ्यांनी आपसातला भाव तिसऱ्यापासून लपवला तर तो त्यांचा प्रश्न. मोत्यांच्या आणि हिऱ्यांच्या व्यापारातही ही रीत होती. पण शेतमालाच्या बाजारात रुमालाबाहेर उभा असतो तो मालाचा धनी. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या कष्टाचा भाव ठरतो आणि त्याला तो दिसत नाही. घेणाऱ्याने चार बोटं दिली आणि शेतकऱ्याला साडेतीन सांगितली, तर विचारायचं कोणाला? १९२८ सालच्या शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला. पुढे मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचे कायदे आले. त्या सगळ्यांमागे उघड लिलाव आणि उघड वजन ही साधी मागणी होती.

ज्यांना व्यवहारापुरतं उत्तर हवं त्यांच्यासाठी : बाजार समितीच्या आवारात भाव उघड पुकारला गेला पाहिजे, आणि हिशेबपट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असली पाहिजे. रुमालाखाली व्यवहार होताना दिसला तर "मोठ्याने सांगा" असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. समितीच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

५. जुन्या साडीच्या लेबलावर किमतीशेजारी अक्षरं लिहिलेली सापडली. ती कसली?

खरेदीचा भाव. लक्ष्मी रोड, रविवार पेठ, भवानी पेठ इथल्या जुन्या दुकानांत ही पद्धत सर्रास होती आणि काही ठिकाणी अजून आहे. दुकानदार दहा वेगवेगळ्या अक्षरांचं एक वाक्य धरतो, पहिलं अक्षर १, दुसरं २, असं करत दहावं शून्य. इथे दाखवण्यापुरतं मी एक वाक्य जुळवलं आहे : "घर सुखाचे मज लाभो दे." काना-मात्रा सोडून अक्षरं मोजा : घ, र, स, ख, च, म, ज, ल, भ, द. आता १८७५ लिहायचे तर "घलजच" आणि २६५० लिहायचे तर "रमचद". विक्री करणारा मुलगा लेबल बघतो आणि घासाघीस कुठे थांबवायची ते त्याला कळतं. गिऱ्हाइकाला नुसती अक्षरं दिसतात.

वाक्य घराण्याचं असतं आणि बापाकडून मुलाकडे जातं. बऱ्याचदा त्यात कुलदैवत असतं किंवा दुकानाचं नाव. बारकोड आल्यावर गरज संपली, पण जुनी चोपडी उघडायची वेळ आली तर वाक्य माहीत असलेलं माणूस लागतं. घरात आजोबा असतील तर आजच विचारून ठेवा.

६. आकड्यांना वेगळे शब्दही होते म्हणतात. ते कोणते?

दलाल आणि बाजारी लोकांचे बनवलेले आकडे जुन्या मराठी शब्दकोशांत नोंदलेले आहेत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, पोकू चार, अंगुळू दहा, आणि रुपयाला भुरका. आता हे शब्द बाजारात ऐकू येत नाहीत, कोशातच भेटतात. म्हणूनच ते इथे निःसंकोच लिहिता येतात (याचं कारण प्र. ११ मध्ये).

७. आमच्या सोसायटीजवळ वडार समाजाची माणसं काम करतात. आपसात ती गुप्त भाषेत बोलतात. ती कुठली?

ती गुप्त नाही. ती त्यांची मातृभाषा आहे.

सगळ्यात जास्त होणारा गैरसमज हाच, म्हणून थोडं थांबून सांगतो. वडारी ही तेलुगूच्या जवळची. कैकाडी तमिळच्या कुळातली. बंजारा समाजाची गोरमाटी राजस्थानी बोलींच्या नात्यातली. पारध्यांची बोली गुजराती आणि भिली यांच्याशी जुळणारी. नंदीबैल घेऊन फिरणारे तिरमल घरात तेलुगू वळणाचं बोलतात. ही माणसं पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात आहेत, मराठी उत्तम बोलतात, आणि घरी आपली भाषा बोलतात. कोथरूडमधलं एखादं कानडी कुटुंब लिफ्टमध्ये कानडी बोललं तर आपण त्याला गुप्त भाषा म्हणत नाही. खडी फोडणाऱ्या बाईने मुलाला वडारीत हाक मारली की मात्र संशय येतो. हा संशय कुठून आला ते प्र. १० मध्ये पाहा.

८. मग पारुशी म्हणजे काय?

पारुशी किंवा पारशी हे नाव अनेक भटक्या समाजांत त्यांच्या सांकेतिक बोलीसाठी ऐकू येतं. पारशी धर्माशी तिचा संबंध नाही. ती कोणा एकाची नाही. भिक्षेवर आणि कलेवर जगणाऱ्या फिरस्त्यांकडे तिची वेगवेगळी रूपं सापडतात, काही शब्द सामाईक, बरेचसे त्या त्या समाजाचे. एखाद्याची मातृभाषा मराठीच असते आणि पारुशी तिच्यावरचा दुसरा थर. कुठे मातृभाषा वेगळी, मराठी वेगळी आणि पारुशी तिसरी. दोन अनोळखी पालं एका माळावर उतरली की समोरचा आपल्यातला आहे का, हे पारखायलाही ती उपयोगी पडते.

९. गोंधळी एकमेकांशी न बोलता प्रेक्षकाचं नाव ओळखतात. हे कसं करतात?

ही करपल्लवी. तिला डोळ्यांची जोड दिली की नेत्रपल्लवी. एक गोंधळी प्रेक्षकांत येतो, कोणीतरी त्याच्या कानात नाव सांगतं, आणि दूर संबळापाशी उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव मोठ्याने म्हणतो. मधे फक्त हाताच्या हालचाली झालेल्या असतात.

तत्त्व वर्णमालेचं आहे. एक जुना दोहा फिरतो : "अहिफन कमल चक्र टंकार, तरु पल्लव यौवन शृंगार." प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर पाहा : अ, क, च, ट, त, प, य, श. म्हणजे स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग असं पुढे. हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, बोट चक्रासारखं फिरवलं की च-वर्ग, धनुष्याची दोरी ओढल्यासारखं केलं की ट-वर्ग. वर्ग कळल्यावर बोटं दाखवून त्यातलं कितवं अक्षर ते सांगायचं आणि चुटक्या वाजवून मात्रा.

"पुणे" सांगायचं आहे असं समजा. पल्लव, म्हणजे पानासारखा हलणारा हात, आणि एक बोट : प. पाच चुटक्या, कारण अ, आ, इ, ई, उ यात उ पाचवा : पु. मग टंकार आणि पाच बोटं, ट ठ ड ढ ण : ण. सात चुटक्या, ऊ नंतरचा ए : णे. कागदावर वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या अंशात मुरलेली जोडी हे करते. पावलांचा ठेका आणि संबळाचा नाद यांत खूण अशी मिसळून टाकतात की बघणाऱ्याला तो नाचाचाच भाग वाटतो. प्रत्येक मेळाचे बारकावे आपले असतात.

ही विद्या प्रेक्षकांसमोर मिरवण्यासाठीच आहे, त्यामुळे तिची फोड इथे करायला हरकत नाही. लग्नानंतर घरी गोंधळ घालणार असाल तर गोंधळ्यांना आधी सांगा की करपल्लवी बघायची आहे आणि तिच्यासाठी वेळ राखा. घाईच्या कार्यक्रमात हाच भाग आधी कापला जातो, आणि नवी मुलं शिकत नाहीत त्याचं ते एक मोठं कारण आहे.

१०. लपवून बोलायची गरज पडते म्हणजे काहीतरी गडबड असणारच ना? या गुन्हेगारांच्याच भाषा होत्या असं वाचलं आहे.

वाचलेलं कोणी लिहिलं होतं ते आधी पाहा. ठगांच्या रामसी बोलीचा शब्दसंग्रह १८३६ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने छापला, तो ठगांना पकडण्यासाठी. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरली. पोलीस ठाण्यात हजेरी, गाव सोडायला परवाना, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती. १९०८ मध्ये केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या अशा जमातींवर पुस्तक लिहिलं. त्यात पेहराव, राहणी यांच्यासोबत त्यांची बोली आणि सांकेतिक शब्द यांचीही माहिती आहे. म्हणजे या बोलींच्या बऱ्याचशा जुन्या नोंदी अभ्यासकांनी ऐकून घेतलेल्या नाहीत. त्या धरपकडीची हत्यारं म्हणून तयार झाल्या. आपल्या मनातला "गुन्हेगारांची भाषा" हा शब्दप्रयोग तिथून आलेला आहे.

आता गरज कशी पडली ते बघा. तुमचं पाल गावाबाहेर आहे. गावात चोरी झाली की पहिला छापा तुमच्यावर. शिपाई येताना दिसला तर बायका-मुलांना सावध करायला एक शब्द हवा, जो शिपायाला कळणार नाही. भाकरी मागायला गेलेल्या पोराला "या घरी कुत्रं आहे, पुढे चल" हे सांगायला एक शब्द हवा. बहुरूप्याला सोंग चालू असताना जोडीदाराला इशारा द्यायचा आहे. चोरीसाठीही अशी बोली वापरली गेली असेल, जशी मराठी वापरली जाते, इंग्रजी वापरली जाते. पण रोजचा वापर जगण्यापुरता होता.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. गरज मात्र संपली नाही. १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्याच वर्षीच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरत करून पैसे मागणं हे सगळं भिकेच्या व्याख्येत घातलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गारुड्याचा साप बेकायदा झाला. प्राण्यांचं रक्षण व्हायलाच हवं, पण ज्याचा धंदा गेला त्याच्या हाती दुसरं काही ठेवलं गेलं नाही. पुण्याच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या पोटराजाला पोलिसांची गाडी येताना दिसली की तो बायकोला एक शब्द टाकतो. तो शब्द त्याला का लागतो, हे या कायद्यांच्या यादीत आहे.

लपवणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी तो कोणापासून लपवतो आहे ते विचारावं, असं मला फार वाटतं. रुमालाखाली हात घालणारा दलाल कष्टकऱ्यापासून लपवत होता. पालावरची बाई दंडुक्यापासून लपवत होती. दोघांना एकाच नावाखाली घालून मोकळं होता येत नाही.

११. पारुशीच्या शब्दांची यादी मिळेल का? अभ्यासासाठी हवी आहे.

इथे मिळणार नाही. जी बोली आज कोणाला तरी वाचवते आहे तिचे शब्द सार्वजनिक केले की तिचं काम थांबतं, आणि नुकसान सांगणाऱ्याचं होतं, लिहिणाऱ्याचं नव्हे. मेलेले शब्द (प्र. ६), दाखवण्यासाठीच असलेली विद्या (प्र. ९) आणि दुबळ्याच्या विरुद्ध वापरली जाणारी खूण (प्र. ४) हे तिन्ही उघड करायला माझी ना नाही. जिवंत बोलीबद्दल निर्णय तिच्या धन्यांचा. अभ्यासक असाल तर समाजातल्या जाणत्यांकडे जा, हेतू सांगा, आणि ते "इथपर्यंत लिही, पुढचं नको" म्हणाले तर तिथे पेन ठेवा.

१२. तृतीयपंथी समाजाची वेगळी भाषा असते, हे खरं का?

खरं. भारत आणि पाकिस्तानातल्या हिजडा समाजात फारसी नावाने ओळखली जाणारी बोली आहे. इराणच्या फारसीशी नाव सोडलं तर तिचं फारसं नातं नाही. घराण्यात, गुरू-चेल्याच्या नात्यातून ती शिकली जाते. शब्दांबद्दल प्र. ११ मधलंच उत्तर.

१३. मोडी लिपी गुप्तच होती ना? शिवकाळातली पत्रं कोणाला कळू नयेत म्हणून मोडीत लिहायचे, असं गाईडने सांगितलं.

मोडी ही कारभाराची भरभर लिहायची लिपी. कुलकर्ण्याच्या दप्तरापासून पेशवे दप्तरापर्यंत सगळीकडे तीच चालायची आणि विसाव्या शतकातही शाळांत शिकवली जायची. आज आपल्याला ती वाचता येत नाही, एवढ्याने ती गुप्त ठरत नाही.

खरी गुप्त लिपी मराठीत होती ती महानुभावांची. चौदाव्या शतकात पंथातल्या ग्रंथांसाठी सकळ लिपी तयार झाली आणि तिच्या जोडीने सुंदरी, पारमांडल्य, अशा इतरही लिप्या वापरात आल्या. देवनागरीतल्या एका अक्षरासाठी दुसरं चिन्ह, असा तिचा पाया. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ कित्येक शतकं या कुलपाआड राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला आणि वि. ल. भावे यांनीही ती वाचकांसमोर आणण्याचं काम केलं.

१४. जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात गेलो होतो. सगळे वेगवेगळ्या भाषांत बोलत होते आणि "दुवान", "चौवान" असं काहीतरी ऐकलं. तो कोड आहे का?

पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणारा हा बाजार पुणे जिल्ह्यातला बोलींचा सगळ्यात मोठा मेळा म्हणावा असा. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, वैदू अशा समाजांची माणसं येतात, खंडोबाचं दर्शन घेतात, जनावरं घेतात आणि विकतात. काठेवाडी गाढवांना मोठा भाव असतो. तुम्ही ऐकल्या त्या बऱ्याचशा मातृभाषा (प्र. ७). "दुवान", "चौवान" हे दातांवरून वय सांगणारे उघड शब्द, अनुक्रमे दोन आणि चार दातांचं जनावर. कोणीही विचारलं तरी सांगतात, ओठ वर करून दातही दाखवतात. त्यामुळे ही परिभाषा झाली. हातात हात घालून भाव होताना दिसला असेल तर तेवढा भाग प्र. ४ मधला.

१५. गुप्त शब्द सगळ्यांना कळला की काय होतं?

धंद्यासाठी तो मरतो आणि भाषेला मिळतो. "पेटी" म्हणजे लाख आणि "खोका" म्हणजे कोटी हे मुंबईच्या गुन्हेगारी जगातले शब्द. २०२२ च्या सत्तांतरानंतर "पन्नास खोके" विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणेत आले आणि शाळकरी मुलांनाही कळले. ज्यांना लपवायचं असेल त्यांनी नवा शब्द शोधला असेल.

१६. हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. आयर्लंडच्या फिरस्त्यांची शेल्टा आहे, तिची घडण इंग्रजी आणि बरेच शब्द आयरिशमधून घेऊन बदललेले. जर्मन प्रदेशात फेरीवाल्यांची आणि भटक्यांची रोटवेल्श होती, तिच्यात यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि रोमानी (तिथल्या रोमा म्हणजे जिप्सी लोकांची भाषा) शब्दांचा भरणा. इंग्लंडात नाटकवाले, सर्कसवाले, खलाशी आणि समलिंगी पुरुष पोलारी बोलत. तिथे १९६७ साली कायदा बदलला, प्रौढ पुरुषांमधले खाजगीतले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि पुढच्या वर्षांत पोलारी ओसरत गेली. भीती कमी झाली की बोलीची गरज कमी होते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

१७. मी कैकाडी आहे. आजी बोलते, वडिलांना कळतं, मला येत नाही. तिचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

आजपासून, मोबाइलवर, आणि प्रश्नावली न घेता. "पाण्याला काय म्हणतात" असं विचारलं तर एकेक शब्द मिळतो आणि आजी कंटाळते. टोपली विणताना काय काय करायची ते विचार. लग्नात काय गायचे, पहिल्यांदा पुण्यात आली तेव्हा पाल कुठे पडलं होतं, सासूने पहिल्या दिवशी काय म्हटलं. गोष्ट सुरू झाली की भाषा आपोआप येते, आणि शिव्यांसकट येते. टीव्ही आणि पंखा बंद ठेव, फोन तिच्याजवळ ठेव, मधे मधे दुरुस्त करू नकोस. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतं आहे हे बोलून घे. मग वडिलांना शेजारी बसवून वाक्यागणिक मराठी अर्थ देवनागरीत लिहून काढ. ऱ्हस्व-दीर्घाची फार काळजी करू नकोस, एकच पद्धत शेवटपर्यंत ठेव म्हणजे झालं.

दोन थर वेगळे ठेव. घरची कैकाडी ही मातृभाषा, ती उघडपणे नोंदवावी, शिकावी, तिच्यात लिहावंसुद्धा. बोलता बोलता आजीने सांकेतिक शब्द सांगितले तर ती फाइल निराळी कर आणि कोणाला द्यायची का ते तिला विचार. ती नको म्हणाली तर घरातच राहू दे. पुढे अभ्यासकांची मदत लागली तर पुण्यातच डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग आहे. तिथे मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचं काम झालेलं आहे.

१८. कादंबरीत एक बहुरूपी आहे. त्याच्या तोंडी पारुशी घालायची आहे. चालेल?

खऱ्या शब्दांशिवायही ते साधतं. "तो जोडीदाराला काहीतरी पुटपुटला आणि दोघांनी बोळ बदलली" एवढ्यात वाचकाला सगळं कळतं. खरे शब्द हवेच असतील तर ज्या समाजाचे आहेत त्यांची परवानगी घ्या आणि हस्तलिखित त्यांना वाचून दाखवा. मनाने बनवलेले विचित्र शब्द घालून ते "पारुशी" म्हणून खपवू नका. ते पुढे खरे म्हणून फिरतात.

१९. जनगणनेत मातृभाषा काय सांगायची? प्रगणक म्हणाले, "मराठी येते ना, मग मराठीच लिहितो."

तसं नाही. मातृभाषेचा रकाना तुम्ही सांगाल तेच लिहिण्यासाठी आहे, आणि येणाऱ्या इतर भाषांसाठी वेगळी जागा असते. मराठी तिथे सांगा. मातृभाषा कैकाडी, वडारी, गोरमाटी, पारधी जी असेल ती त्याच नावाने लिहायला लावा आणि लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा. हा आग्रह धरण्याचं कारण आहे : १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत, त्या "इतर" मध्ये जातात. वस्तीतल्या निम्म्या घरांनी मराठी सांगितली आणि उरलेल्यांनी एकाच बोलीची तीन वेगवेगळी नावं सांगितली, तर आकडा कधीच भरत नाही. प्रगणक येण्याआधी वस्तीत बसून नाव एकच ठरवा. पारुशी मात्र या रकान्यात येत नाही, कारण ती कोणाची मातृभाषा नाही. ती सांगण्याची गरज नाही आणि कोणी विचारली तरी सांगायचं बंधन नाही.